आधी ठरवा, तो आहे की गेला!

श्रीनगरला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी घरांत एक फोटो असतो. दल सरोवर, मागे झबरवानचे डोंगर आणि शिकाऱ्यात बसलेली आपली बाई. अंगात भाड्याचा भरतकाम केलेला फिरन, कपाळावर खोट्या दागिन्यांची झालर, काखेत घागर. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या गटाच्या आम्ही अकराजणी गेलो, तेव्हा आम्हीही तो काढला. खूप हसलो. पहलगामनंतर घरच्यांची समजूत घालता घालता नाकी नऊ आले होते. कित्येकजणींचा तर नवरा-मुलांशिवायचा हा पहिलाच प्रवास. त्या आनंदाची मला मुळीच लाज वाटत नाही. बाईने घराबाहेर पडून डोंगर बघावेत, पाणी बघावं, यासाठीसुद्धा आपण भांडलो आहोत.

पण फोटो हातात आल्यावर एक गोष्ट खटकली. काश्मिरी बाईचे कपडे आमच्या अंगावर होते, काश्मिरी बाई मात्र त्या फोटोत कुठेच नव्हती.

सहलीच्या कार्यक्रमातही ती नव्हती. जहांगीरने १६१९ मध्ये लावलेली शालिमार बाग, नूरजहाँचा भाऊ आसफ खान याने १६३३ मध्ये उभारलेली निशात बाग, शंकराचार्य टेकडी, शालींची खरेदी, आणि रात्री आठवणीने पिठलं-भाकरी! ज्या पश्मिना शालीसाठी आम्ही दुकानात घासाघीस केली, तिचं सूत पिढ्यान् पिढ्या घरात बसून बायकांनी चरख्यावर कातलेलं आहे. ‘येंदर’ म्हणतात तिथे चरख्याला. गल्ल्यावर मात्र पुरुष बसतो. अमीरा कदल पुलावर मासळीची पाटी घेऊन बसलेल्या बाया, तलावातून गवताने भरलेली होडी वल्हवत नेणाऱ्या बाया यांच्याकडे आमचा गाइड बोट दाखवत नव्हता. आम्हीही आपणहून बघत नव्हतो.

एम. एस. डब्ल्यू.ला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण तिथे काम करते. शालिमार बाग सोडून मी एक दिवस तिच्याबरोबर जुन्या शहरात गेले. झेलमच्या काठची अरुंद गल्ली, लाकूड-विटांची जुनी घरं. ज्या बाईंकडे गेलो त्या पन्नाशी ओलांडलेल्या. नाव मी लिहीत नाही. त्या काश्मिरीत बोलत, मैत्रीण हिंदीत सांगे. १९९० नंतरच्या त्या वर्षांत त्यांचा नवरा एका सकाळी कामावर गेला तो परतलाच नाही. पदरात दोन मुलं. सासरच्यांनी काही वर्षं सांभाळलं, मग जागा कमी पडू लागली. सूत कातून मुलं वाढवली.

मी माझ्या सवयीप्रमाणे विचारलं, “मृत्यूचा दाखला काढला का?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मी सही केली असती, तर मीच त्याला मारल्यासारखं झालं असतं ना?”

एवढी वर्षं समुपदेशन केंद्रात बसून तो प्रश्न मी किती सहज विचारत आले, हे मला तेव्हा कळलं.

अशा बाईला तिथे ‘अर्धविधवा’ म्हणतात. २०११ मधल्या एका अहवालात त्यांची संख्या अंदाजे दीड हजार दिली आहे. बेपत्ता माणसं आठ हजारांवर आहेत, असं त्यांच्या कुटुंबीयांची संघटना म्हणते. सरकारी आकडे याच्या बरेच खाली आहेत. बहुतेक कुटुंबं सांगतात की सुरक्षादलांनी चौकशीसाठी नेलं. काहींना हत्यारबंद गटांनी नेलं. सरकार म्हणतं, पुष्कळजण सीमा ओलांडून गेले. ही संघटना उभी राहिली १९९४ मध्ये, परवीना अहंगर यांच्या पुढाकाराने. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा १९९० मध्ये नेला गेला, तो परत आला नाही. दर महिन्याच्या दहा तारखेला या बाया श्रीनगरच्या प्रताप पार्कमध्ये फोटो हातात धरून शांतपणे बसत. ऑगस्ट २०१९ नंतर ते बसणंही थांबलं. राज्याचा महिला आयोग ३१ ऑक्टोबर २०१९ पासून गुंडाळला गेला, तेव्हा दाद मागायचं एक दारही बंद झालं.

कायदा काय म्हणतो? माणूस सात वर्षं बेपत्ता असेल तर तो मेला असं कोर्ट धरून चालू शकतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. १९३९ च्या कायद्याप्रमाणे नवरा चार वर्षं बेपत्ता असेल तर मुस्लिम बाई घटस्फोट मागू शकते. डिसेंबर २०१३ मध्ये श्रीनगरात वेगवेगळ्या पंथांच्या उलेमांनी एकत्र बसून सांगितलं, की चार वर्षं वाट पाहिल्यावर अशा बाईला पुन्हा लग्न करता येईल. चांगलं झालं. पण तोवर कित्येकींची वीस वर्षं वाट बघण्यात गेली होती. शरियतप्रमाणे मुलंबाळं असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत आठवा हिस्सा मिळतो. तो मिळण्यासाठी आधी विधवा ठरायला हवं. म्हणजे हक्क हवा तर नवरा मेल्याचं मान्य करा, आणि शोध घ्यायचा तर हक्क विसरा!

मैत्रिणींनो, हे ऐकताना मला आमचा तालुका आठवत होता. आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईचा नवरा कामाला म्हणून शहरात गेला आणि नऊ वर्षं पत्ता नाही. ती रेशनकार्ड वेगळं करायला गेली, तर टेबलामागचे साहेब म्हणाले, “बाई, आधी ठरवा, तो आहे की गेला!” जणू ते तिच्या हातात होतं. टाकलेल्या बायकांचा प्रश्न घेऊन १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. तेव्हापासून आपण हेच सांगतो आहोत, की बाईचा रेशनवरचा, घरावरचा, जमिनीवरचा हक्क नवऱ्याच्या असण्या-नसण्याला बांधू नका. दोन्हींतलं दुःख सारखं नाही, हे मला कळतं. कोणी टाकून जाणं वेगळं आणि कोणी नाहीसं केलं जाणं वेगळं. पण खिडकीपलीकडून येणारा प्रश्न मात्र तोच असतो.

परतल्यावर गटात हे सांगितलं, तेव्हा एकजण चिडून म्हणाली, “आणि १९९० मध्ये घरदार सोडून जम्मूच्या छावण्यांत राहिलेल्या पंडित बायका? २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला डोळ्यांदेखत नवरे मारले गेले त्या? त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही सहाजण होते.” तिचं म्हणणं खरं आहे. त्या बायकांबद्दल न बोलणारी चळवळ अर्धीच म्हणावी लागेल. पण एकीचं दुःख दुसरीच्या दुःखावर उत्तर म्हणून फेकायचं, हा खेळ आपण का खेळायचा? पहलगामला नवरा गमावलेल्या एका नववधूने, मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आणि न्याय हवा, असं सांगितलं. काही दिवसांत तिच्यावर घाणेरड्या शिव्यांचा मारा झाला. विधवेने रडावं, सूड मागावा, पण स्वतःचं मत मांडू नये, हीच त्यामागची अपेक्षा. अर्धविधवेने फोटो धरून बसू नये, यामागेही तीच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ‘नवरा बेपत्ता’ ही बाईची वेगळी स्थिती म्हणून कागदोपत्री मान्य झाली पाहिजे, काश्मीरमध्येही आणि आपल्याकडेही. रेशन, पेन्शन, मुलांचं शिक्षण, राहतं घर यांसाठी मृत्यूच्या दाखल्याची अट नको. आणि मदत दिली म्हणून शोध थांबता कामा नये. तो कुठे गेला याचं उत्तर मागण्याचा हक्क तिच्याकडे राहिलाच पाहिजे.

श्रीनगरला जरूर जा. चिनार लाल झालेले असताना तर जाच. मात्र एक दिवस बागा सोडून जुन्या शहरात घालवा. आणि जाण्याआधी आपापल्या तालुक्यात नवरा बेपत्ता असलेल्या बाया किती, त्यांना कुठल्या टेबलावर काय विचारलं गेलं, याची नोंद करून आम्हाला पाठवा. पुढच्या बैठकीत आपण त्यावरच बोलू.