छंद एकेकाचे : पोकळ लाकडाचा भरीव आवाज

दिवाळीची साफसफाई निघाली की आपल्याकडे माळ्यावरून जे सामान खाली येते, त्यात एखादे वाद्य हमखास असते. कुठे आजोबांची पेटी, कुठे आत्याबाईंनी लग्नाआधी चार महिने शिकलेली सतार. गवसणी काढायची, धूळ झटकायची, "वस्तू चांगली आहे हो, जपून ठेवा," असे कोणीतरी म्हणायचे, आणि गवसणी चढवून ती पुन्हा माळ्यावर टाकायची, असा हा वार्षिक सोहळा. वस्तू जपायची म्हणजे ती वापरायची नाही, ही आपली जुनी समजूत आहे. ट्रंकेत वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेली पैठणी घडीवरच चिरते, हे घरातल्या बायकांना पक्के ठाऊक असते. पण वाद्याच्या बाबतीत तो विचार कोणी करीत नाही.

अमेरिकेत मात्र वाद्यशौकिनांची एक जमात अशी आहे, की तिला या प्रश्नावाचून दुसरे सुचत नाही. ही मंडळी शंभरेक वर्षांपूर्वीच्या गिटारी बाळगतात. गिटार म्हणजे कॉलेजची मुले सहलीला गळ्यात अडकवून नेतात ती नव्हे. तिचे पोट सपाट असते. या गिटारीचे पोट नि पाठ दोन्ही व्हायोलिनसारखी फुगीर, कमानदार असतात आणि मध्ये गोल भोकाऐवजी दोन्ही अंगांना इंग्रजी 'एफ' अक्षरासारख्या खाचा असतात. तिकडे हिला आर्चटॉप म्हणतात.

ही कमान फळी वाकवून आणलेली नसते, निदान चांगल्या वाद्यात तरी नसते. स्प्रूसच्या जाड फळीतून आतून-बाहेरून कोरत कोरत कारागीर ती काढतो. पाठ मेपलची, तीही अशीच कोरलेली. मधून मधून फळी बोटाच्या पेराने वाजवून पाहायची, कान देऊन ऐकायचे आणि आणखी कोठे काढायचे ते ठरवायचे. मिरजेचे सतारमेकर तबलीवर काम करताना जे करतात, त्याच जातीचे हे काम. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उशिरा का होईना, मिळाले.) दुसरी गंमत घोडीची. सपाट गिटारीत घोडी तबलीला चिकटवलेली असते. आर्चटॉपची घोडी नुसती ठेवलेली असते. तारा तिच्यावरून जाऊन शेवटच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या पट्टीत अडकतात आणि घोडीला खाली दाबून धरतात. त्यामुळे आवाज चटकन उठतो आणि चटकन विरतो. सपाट गिटारीचा आवाज मागे रेंगाळतो, हिचा ठोक्यासारखा येतो नि जातो. एकट्याने खोलीत बसून वाजवणाऱ्याला हा दोष वाटेल. पण हे वाद्य एकट्याने बसून वाजवायचे नव्हतेच.

या घराण्याचा मूळपुरुष ऑर्व्हिल गिब्सन. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी बसून मँडोलिन आणि गिटार व्हायोलिनसारखी कोरून बनवायची, हे वेड त्याने घेतले आणि १८९८ साली मँडोलिनच्या त्या रचनेचे पेटंटही मिळवले. १९०२ साली गावातल्या व्यापाऱ्यांनी त्याच्या नावाची कंपनी काढली. नाव राहिले, माणूस लवकरच बाजूला पडला. धंद्याच्या इतिहासात असे पुष्कळदा होते.

पुढे १९१९ साली त्या कंपनीत लॉईड लोअर नावाचा एक गृहस्थ आला. हा स्वतः मँडोलिन वाजवणारा आणि नादशास्त्रात डोके घालणारा. १९२२च्या सुमारास त्याने 'एल-५' ही गिटार सिद्ध केली आणि गिटारीला एफ-खाचा मिळाल्या त्या तिच्यापासून. काही वाद्यांच्या आत चिठ्ठी चिकटवून तिच्यावर तो तारखेनिशी सही करीत असे. आज जुनी एल-५ विकायला निघाली की गिऱ्हाईक आधी खाचेतून आत डोकावते ते ही सही दिसते का म्हणून. बिचाऱ्या लोअरचा हिशेब मात्र चुकला होता. त्याने ही सारी वाद्ये मँडोलिनच्या वाद्यवृंदांसाठी रचली आणि मँडोलिनचे वेड तेव्हाच ओसरू लागले होते. १९२४ अखेर त्याने कंपनी सोडली.

एल-५ला उचलून धरले ते भलत्याच लोकांनी. त्या काळी नाचगाण्याच्या बँडमध्ये ताल धरायला बँजो असे, कारण तुताऱ्यांच्या गदारोळात तोच काय तो ऐकू जाई. १९२५ पासून मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि बँजोचा कर्कशपणा नकोसा झाला. फिलाडेल्फियाच्या एडी लँगने एल-५ हाती घेऊन, गिटार नुसती साथ करीत नाही, बोलतेही, हे दाखवून दिले. बिंग क्रॉस्बीसारख्या गायकाचा तो साथीदार. १९३३ साली टॉन्सिलच्या क्षुल्लक शस्त्रक्रियेत तो गेला. वय अवघे तीस. आणि दुसरीकडे, व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखातल्या मेबेल कार्टर या बाईंनी १९२८ साली २७५ डॉलर मोजून एक एल-५ घेतली. डोंगरातल्या संसारी बाईने त्या काळी २७५ डॉलर मोजायचे, म्हणजे आपल्याकडे पाटल्या मोडून वाद्य घेण्यापैकी. अंगठ्याने खालच्या तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वर ताल धरायचा, ही त्यांची लकब पुढे अमेरिकेतल्या खेडोपाडीच्या गिटारवाल्यांनी गिरवली. तीच गिटार २००४ साली ५,७५,००० डॉलरांना घेतली गेली आणि नॅशव्हिलच्या संग्रहालयात जाऊन बसली.

पुढे बँड मोठे झाले तशी गिटारही अंगाने सुटू लागली. एल-५ सोळा इंच रुंद होती, ती सतराची झाली. १९३४ साली गिब्सनने अठरा इंची 'सुपर ४००' काढली. नावातले ४०० म्हणजे चारशे डॉलर किंमत! आपली किंमत नावातच मिरवणारे दुसरे वाद्य मला ठाऊक नाही. बोस्टनच्या स्ट्रॉम्बर्ग बापलेकांनी तर एकोणीस इंचांपर्यंत मजल मारली.

या अवाढव्य गिटारींचे खरे चीज कोणी केले असेल तर ते फ्रेडी ग्रीनने. १९३७ साली हा काउंट बेसीच्या बँडमध्ये शिरला आणि मधला थोडासा काळ सोडला तर १९८७ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. पन्नास वर्षे एक खुर्ची! वीज नाही, भोंगा नाही. तारा घोडीवर इतक्या उंच ठेवलेल्या, की नवशिक्याची बोटे पाच मिनिटांत सोलून निघावीत. आणि वाजवायचे काय? तर मात्रेमागून मात्रा, चारात चार. एकट्याची तान जवळजवळ कधीच घेतली नाही. बेसीची तबकडी लावली तर पंधरा-सोळा जणांच्या त्या गर्दीत गिटार कुठे आहे, हे पहिल्यांदा सापडत नाही. आपल्या मैफलीत तंबोऱ्याकडे कोण लक्ष देतो? पण जोडीतला एक मध्येच थांबला तर मागच्या रांगेतला पेंगणारा श्रोताही डोळे उघडतो. त्यातली गत. जवारी लावलेल्या तंबोऱ्याच्या देशातल्या माणसाला फ्रेडी ग्रीन समजावून सांगावा लागू नये.

पण वीज यायची ती आलीच. गिब्सनने १९३६ साली 'ईएस-१५०' ही तारांखाली चुंबक बसवलेली आर्चटॉप काढली. ती घेऊन चार्ली ख्रिश्चन हा पोरगा १९३९ साली बेनी गुडमनच्या कंपूत आला आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीने ताना घेऊ लागला. १९४२ साली क्षयाने तो गेला तेव्हा पंचविशीत होता. पण तेवढ्यात गिटारीला मागल्या रांगेतून पुढे आणून गेला. आता एक नवीच अडचण उभी राहिली. पोकळ गिटार भोंग्यासमोर धरली की भोंग्याचा आवाज तिच्या पोटात शिरतो, तबली हलवतो, ती तारा हलवते, त्या पुन्हा भोंग्यातून ओरडतात. आणि शेवटी सभागृहभर हूऽऽ असा गलका. म्हणून १९४९ सालच्या 'ईएस-१७५'ला कोरलेली फळी न घालता थर चिकटवून दाबलेले प्लायवुड घातले. कमी थरथरते, कमी ओरडते. सोय झाली खरी. पण जिच्यासाठी एवढी कोरणी झिजवली ती थरथरच कमी केली, असे जुने लोक म्हणतात, आणि मला ते पटते.

कोरणी न सोडणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव जॉन डँजेलिकोचे. न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत, केन्मेअर स्ट्रीटवर, १९३२ साली त्याने दुकान थाटले. व्हायोलिन नि मँडोलिन करणाऱ्या चुलत आजोबांच्या हाताखाली तो तयार झालेला. साऱ्या आयुष्यात त्याने १,१६४ गिटारी केल्या असे मोजतात. १९५२ साली जिमी डॅकिस्टो हा तरुण त्याच्याकडे उमेदवारीला आला, आणि १९६४ साली गुरू गेल्यावर त्यानेच ते काम पुढे चालवले. विलक्षण योगायोग असा, की गुरू एकोणसाठाव्या वर्षी गेला आणि १९९५ साली शिष्यही एकोणसाठाव्याच वर्षी. २०११ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने या दोघांच्या गिटारी प्रदर्शनात मांडल्या.

या घराण्याची एक शाखा आपल्याकडेही रुजली. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा, अली अकबर खाँसाहेबांचे शागीर्द. त्यांनी गिब्सनची सुपर ४०० मांडीवर आडवी घेतली, तारा उंच उचलल्या, वर पोलादी कांडी फिरवली आणि तीवर राग आळवले. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीत शिवकुमार शर्मांच्या संतूरला आणि हरिप्रसाद चौरासियांच्या बासरीला सोबत करते ती हीच गिटार. चारशे डॉलरचा तोरा मिरवणारे वाद्य मांडी घालून बसलेल्या माणसाच्या पुढ्यात निमूट आडवे झाले, याचे मला फार अप्रूप वाटते. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाही आर्चटॉपचीच लेक. चिकारीच्या आणि तरफेच्या तारा वाढवल्या की त्यांचा ताण तबलीवर येतो. चिकटवलेली घोडी तो ओढून उखडेल. आर्चटॉपमध्ये तो शेवटच्या पट्टीवर जातो आणि कमान दाब सोसते. या मोहनवीणेने राय कूडरच्या जोडीने १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवले.

आता मालकांच्या डोकेदुखीकडे येऊ. या जुन्या गिटारींच्या तबलीवर नखांचे ओरखडे पडू नयेत म्हणून एक कासवाच्या पाठीसारखी ठिपकेदार पट्टी असते आणि कडेने नाजूक किनार. दोन्ही सेल्युलॉइडची. हे सेल्युलॉइड म्हणजे जुन्या सिनेमाच्या फिल्मचा सख्खा भाऊ, आणि तो स्वभावाने कुजका. ७०-८० वर्षांनी तो विरघळू लागतो, भुगा होतो आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. त्या वाफेने तारा गंजतात, सोनेरी मुलाम्याच्या खुंट्या हिरव्या पडतात. आणि ही वाफ सर्वांत जास्त कोठे साचते? घट्ट बंद केलेल्या, मखमली अस्तराच्या पेटीत! म्हणजे ज्याने गिटार कोणाला हात लावू न देता तीस वर्षे पेटीत जपली, त्याचीच गिटार आधी खराब होते. सेल्युलॉइडच्या या स्वभावाची किंमत आपणही मोजली आहे. २००३ साली पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसकट कितीतरी मूळ रिळे गेली. शहाणे मालक ती पट्टी काढून वेगळी, हवेशीर जागी ठेवतात आणि गिटारीवर नवी नक्कल बसवतात.

दुसरा वाद भोक पाडण्याचा. चुंबक बसवायला कोरलेली तबली कापावी का? एकदा कापली की कापली, ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही आणि किंमतही उतरते. त्यापेक्षा पट्टीला अधांतरी टांगलेला चुंबक बरा; तबलीला त्याचा स्पर्शही होत नाही.

आणि तिसरा वाद श्रद्धेचा. जुने लाकूड वाजवून वाजवून मोकळे होते, नव्याला तो आवाज येणे नाही, असे हे लोक शपथेवर सांगतात. व्हायोलिनच्या बाबतीत याची परीक्षा झाली आहे. २०१० साली इंडियानापोलिस येथे २१ वादकांना अंधारात, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून सहा व्हायोलिनी वाजवायला दिल्या. तीन नव्या, तीन दीडदोन शतकांहून जुन्या, त्यांत स्ट्राडिव्हरीसुद्धा. सर्वाधिक पसंती मिळाली ती एका नव्याला आणि सर्वांत नावडती ठरली ती एक स्ट्राडिव्हरी! हे ऐकूनही जुन्या गिटारीचा एकही मालक आपली गिटार विकायला निघणार नाही. निघू नये. फ्रेडी ग्रीनच्या काळची वस्तू मांडीवर घ्यायचे सुख काळ्या चष्म्याने मोजता येत नाही.

मुंबईत किंवा गोव्यात असली गिटार कोणाजवळ असलीच तर त्याने पावसाळ्याचे धोरण ठेवावे. या वाद्यांना पन्नास टक्क्यांच्या आसपास दमट हवा मानवते, आणि आपल्या किनाऱ्यावर आषाढात ती ऐंशीच्या वर असते. सरसाचे सांधे सैल पडतात, तबली फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. घोडीला दोन बारीक चाके असतात, ती फिरवून उंची खाली घ्यावी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा वर. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवाव्यात, पण पेटी रोज उघडावी आणि दहा मिनिटे का होईना वाजवावी. तारा बदलायच्या त्या एकेक करून. सगळ्या एकदम सोडल्या तर ती नुसती टेकवलेली घोडी हातात येते, आणि मग तिची नेमकी जागा शोधण्यात अख्खा रविवार जातो.