टर्बो लावला की झालं?

आपल्या हॉस्टेलवर गाडीचा विषय निघाला की तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, 'टर्बो लाव ना भावा, विषय संपला!' मग ती गाडी दुधाची असो, भाजीची असो, नाहीतर मेसचा किराणा आणणारी खटारा पिकअप असो. फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीतही हा विषय हमखास असतोच. कुणाला जुन्या पिकअपला टर्बोचार्जर लावायचा असतो, तर कुणाला सुपरचार्जर. भंगार बाजारात सेकंडहँड टर्बो मिळतो, वेल्डिंगवाला ओळखीचा असतो आणि मोबाईलवर व्हिडिओ तर ढिगाने आहेत. मग अडलंय कुठे?

माझ्या मते अडलंय ते हिशेबात. टर्बो हा गाडीला लावायचा 'पार्ट' नाही. तो लावला की अख्ख्या इंजिनाचं गणित बदलतं. आणि ते गणित न मांडता दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या गाडीवर आपण प्रयोग करायचे, हे मला साफ नामंजूर आहे. प्रयोग जरूर करावेत, पण कुठे आणि कसे, ते शेवटी सांगते.

आधी थोडा इतिहास. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या शक्तीवर टर्बाईन फिरवायचं आणि त्याच्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचं पेटंट १९०५ सालचं. म्हणजे टर्बो काही कालपरवाचं खूळ नाही! पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर चढवून पाइक्स पीक या डोंगरावर नेलं, जवळजवळ १४,००० फुटांवर. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर ते पुन्हा साडेतीनशेच्या वर गेलं. हा किस्सा सगळे सांगतात, पण त्यातली माझी आवडती गोष्ट वेगळीच आहे. मॉससाहेबांनी टर्बो थेट विमानाला लावून पायलटला 'जा बाबा उडव' म्हटलं नाही. इंजिन ट्रकवर ठेवलं, शक्ती मोजली, टर्बो जोडला आणि पुन्हा मोजली. विमानाची पाळी त्यानंतरची!

आता आपल्याकडची जुनी पिकअप घेऊ. अडीच लिटरचं, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन, ३,००० आरपीएम. फोर स्ट्रोक असल्यामुळे मिनिटाला १,५०० वेळा ते अडीच लिटर हवा ओढणार, म्हणजे ३,७५० लिटर. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी ८५ टक्के धरली तर सुमारे ३,२०० लिटर. बाहेर ४० अंशांचं ऊन असेल तर या हवेचं वजन होतं साधारण ३.६ किलो. काळा धूर नको असेल तर डिझेलच्या एका किलोला अंदाजे २० किलो हवा लागते. म्हणजे मिनिटाला १८० ग्रॅम, तासाला पावणेअकरा किलोच्या आसपास डिझेल जाळता येईल. एका किलोवॉट-तासाला २५० ग्रॅम डिझेल धरलं, तर शक्ती येते ४३ किलोवॉट, म्हणजे ५८ हॉर्सपॉवर. जुन्या पिकअपच्या ब्रोशरमधले आकडे आठवून बघा, आपण फार लांब नाही. थर्मलच्या पेपरात दहा मार्कांना येणारं गणित रस्त्यावर असं धावत असतं!

यात टर्बोने अर्धा बार बूस्ट दिला तर? 'दाब दीडपट, म्हणजे हवा दीडपट, म्हणजे शक्ती दीडपट!' हॉस्टेलचं गणित इथेच संपतं. पण सायकलच्या पंपाचं टोक हवा भरताना तापतं ना? तसंच इथेही. कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ६५ टक्के धरली तर ४० अंशांची हवा बाहेर पडते ती जवळजवळ १०० अंशांची होऊन. गरम हवा विरळ. त्यामुळे दाब दीडपट झाला तरी हवेची घनता वाढते फक्त २६ टक्के. इंटरकूलर लावून ती हवा ६० अंशांवर आणली तर वाढ होते ४१ टक्के. म्हणजे नुसता टर्बो आणून भागत नाही. इंटरकूलर आला, त्याचे पाइप आले, त्याला समोरून वारा मिळेल अशी जागा आली.

आणि नुसत्या हवेने डिझेल इंजिन जास्त ओढत नाही. धूर कमी होतो, ज्वलन सुधारतं, शक्तीत थोडाफार फरक पडतो. खरी ओढ हवी असेल तर डिझेल वाढवावं लागतं. म्हणून टर्बो बसवणारा मेस्त्री पंपाचा स्क्रू फिरवतो. किती? 'अंदाजाने.' हा अंदाज फार महागात पडू शकतो. बूस्ट तयार व्हायच्या आधीच जास्त डिझेल गेलं तर काळा धूर. कंपनीच्या टर्बो इंजिनात बूस्टचा दाब बघून डिझेल वाढवणारी यंत्रणा असते, जुन्या साध्या पंपावर ती नसते. डिझेल वाढलं की एक्झॉस्टचं तापमान वाढतं आणि ते चढतं नेमकं लांबच्या चढावर, पूर्ण लोडमध्ये. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्या बराच आधी मऊ पडायला लागतो. बाजारातल्या टर्बोबरोबर एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा थर्मोकपल कुणी देतं का? मी तरी बघितलेला नाही.

शिवाय आतला दाब. १८ कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनात ज्वलनाआधीच ५० बारच्या आसपास दाब असतो. आत येणारी हवा दीडपट दाबाने आली की हाच आकडा पंचाहत्तरच्या घरात जातो, ज्वलनाचा दाब वेगळाच. तो सगळा हेड गॅस्केट, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग यांच्या डोक्यावर. म्हणूनच कंपनी टर्बो इंजिन बनवते तेव्हा सहसा कॉम्प्रेशन रेशो कमी करते, पिस्टनच्या पोटावर ऑइलचे फवारे मारते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त उष्णता सोसणाऱ्या धातूचे घालते, ऑइल पंप आणि रेडिएटर वाढवते. ताटात जास्त वाढलं तर पचवणारं पोटही लागतं, हे मेसमध्ये जेवणाऱ्यांना मी काय सांगावं!

याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतली डॉज रॅम पिकअप. १९८९ च्या मॉडेलमध्ये तिला कमिन्सचं ५.९ लिटरचं टर्बो डिझेल मिळालं. शक्ती फक्त १६० हॉर्सपॉवर, पण टॉर्क सुमारे ५४० न्यूटन मीटर. ओझं ओढणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. पण ते इंजिन मुळात जड कामासाठी घडवलेलं होतं, भंगारातला टर्बो लावून 'तयार केलेलं' नव्हतं. त्याच बी-सिरीजची इंजिनं पुढे टाटा कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून आपल्याकडच्या ट्रकमध्येही आली.

'टर्बो नको तर सुपरचार्जर लावू' म्हणणाऱ्यांसाठीही दोन शब्द. सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच बूस्ट मिळतो, टर्बोसारखं थांबावं लागत नाही. फोर्डच्या एफ-१५० लायटनिंग पिकअपला १९९९ पासून ५.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर सुपरचार्जर होता, तो ओझ्यासाठी नव्हे, वेगासाठी. पण पट्टा फिरवायची शक्ती इंजिनाच्याच खिशातून जाते. टर्बो निदान सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्यातलं काही परत मिळवतो. डिझेलचा एकेक लिटर मोजणाऱ्या माणसाला सुपरचार्जर सुचवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

हे सगळं मी पुस्तकी म्हणून लिहीत नाहीये. माझे मामा देवगडचे. त्यांच्याकडे जुनी, टर्बो नसलेली पिकअप आहे. सीझनला आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाटाने राधानगरीवरून कोल्हापूरला जातात. गाडी भरलेली असते नेमकी चढाला आणि दिवस एप्रिल-मेचे. गेल्या सुट्टीत मला म्हणाले, "गो, तू इंजिनेर होतलंस मां? मग सांग बघूया, टर्बो घातलो तर गाडी घाट चढात काय?" कुणीतरी त्यांना पंचवीस हजारांत काम करून देतो म्हणालं होतं.

चढेल की! दहा-वीस वेळा झोकात चढेल. पण एका दुपारी घाटात हेड गॅस्केट उडालं किंवा पिस्टन चिकटला, तर इंजिनाचं काम निघणार. हातातला सीझन दोन-अडीच महिन्यांचा. गाडी पंधरा दिवस गॅरेजला उभी राहिली तर त्यातला मोठा तुकडा गेला, आणि मागे भरलेला आंबा काही थांबत नाही. आपल्याला प्रोजेक्टला ए ग्रेड मिळेल, पण मामांचा हप्ता कोण भरणार? शिवाय शक्ती वाढली तरी क्लच प्लेट, गिअरबॉक्स आणि ब्रेक तेच. चढ लवकर संपला म्हणून आणखी दहा पेट्या चढवायचा मोह होतो, आणि परतीचा उतार जुन्याच ब्रेकवर.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची नोंद जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि हे सगळं भोगायचं गाडीच्या मालकाने, टर्बो बसवून देणाऱ्या पोरांनी नाही!

मी मामांना टर्बोऐवजी एक यादी दिली. एअर फिल्टर बदला (कोकणातली लाल माती त्यात किती बसते ते बघा), नोझल चेक करून घ्या, पंप कॅलिब्रेट करा, टॅपेट सेट करा, कॉम्प्रेशन बघा, टायरची हवा बघा. आणि वजन पासिंगमध्ये बसेल तेवढंच. जुन्या गाडीची हरवलेली ओढ पुष्कळदा इथेच सापडते. नवं काही लावण्याआधी जे होतं ते तरी परत मिळवा. आणि पुढेमागे गाडी बदलायची झालीच तर कंपनीतूनच टर्बो आणि इंटरकूलर घेऊन आलेली घ्या. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यापासूनच्या डिझेल पिकअप तशाच येतात.

'म्हणजे आम्ही काही करायचंच नाही का? जुगाड हीच तर आपली ताकद!' हा आक्षेप मला मान्य आहे, निदान अर्धा. गाडी उघडल्याशिवाय इंजिनिअर होत नाही. तयार प्रोजेक्ट विकत आणून, रंग मारून व्हायव्हाला उभं राहण्यापेक्षा भंगारातला टर्बो खोलणारा मुलगा मला शंभर पटीने जास्त आवडतो. फक्त त्याने तो मामांच्या गाडीवर लावू नये, एवढंच म्हणणं.

आपल्या आयसी इंजिन लॅबमध्ये पाच हॉर्सपॉवरचं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन आहे, १५०० आरपीएमचं. वर्षात दोन प्रॅक्टिकलपुरतं चालतं, बाकी वेळ झाकलेलं. त्याला टर्बो लावायची गरजच नाही. एका सिलिंडरच्या तुटक एक्झॉस्टवर टर्बो नीट फिरणारही नाही. पण बूस्टचा परिणाम मोजायला वर्कशॉपचा कॉम्प्रेसर आणि त्याची टाकी पुरेल. ६६१ सीसीच्या इंजिनाला १.३ पट दाबावर मिनिटाला फार तर साडेसहाशे लिटर मोकळी हवा लागेल. मध्ये सर्ज टँक, रेग्युलेटर, पारा भरलेला मॅनोमीटर आणि एक्झॉस्टमध्ये थर्मोकपल. टाकी भरायची, दोन-चार मिनिटं रीडिंग घ्यायचं, परत टाकी भरायची. आधी डिझेल तेवढंच ठेवून फक्त हवा वाढवा आणि एक्झॉस्टचं तापमान खाली येतं का ते बघा. मग डिझेल थोडं थोडं वाढवा आणि तापमान कुठे उसळी मारतं त्याचा ग्राफ काढा. टर्बो लावून देणाऱ्या प्रत्येक मेस्त्रीच्या भिंतीवर टांगावा असा तो ग्राफ असेल.

एच.ओ.डी. सरांना आणि लॅबच्या सरांना यासाठी नम्र विनंती. आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅब उघडी मिळावी आणि एक लॅब असिस्टंट सोबत असावा. खर्च फार तर सर्ज टँकचा आणि थर्मोकपलचा, वर्गणी आम्ही काढू. सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय एकही टाकी जोडणार नाही, हे लेखी देतो.

ज्यांना यायचंय त्यांनी आपलं नाव मेकॅनिकलच्या नोटीस बोर्डाखालच्या वहीत लिहावं. ब्रँचची अट नाही, फर्स्ट इयरचेही चालतील. येताना कॅल्क्युलेटर आणा. भंगारातला टर्बो असेल तर तोही आणा, खोलून बेअरिंग बघू. गाडी मात्र घरीच राहू द्या!