बारभाईंचे काबूल

पंधरा ऑगस्टला आपल्याकडे झेंडावंदन होते. २०२१ साली त्याच दिवशी काबूलमध्ये अफगाणिस्तानचे अध्यक्ष अशरफ घनी देश सोडून गेले आणि रात्रीपर्यंत तालिबानचे बंदूकधारी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. या तारखेला दरवर्षी एकच वाद रंगतो, अमेरिकी सैन्याच्या माघारीचा दोष ट्रम्प यांचा की बायडेन यांचा. तो अमेरिकेने आपल्या घरात मिटवावा. आम्हाला बोलायचे आहे ते माघारीआधीच्या वीस वर्षांविषयी.

डिसेंबर २००१ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्र. १३८६ संमत करून आंतरराष्ट्रीय सुरक्षा साहाय्य दल उभे केले, पण त्याची हद्द काबूल आणि आसपासचा परिसर एवढीच होती. बाकीचा देश जुन्या सरदारांच्या हाती राहिला. लोक थकलेले होते, तालिबान पांगलेले होते, काही करून दाखवायची वेळ तीच होती. दलाला काबूलबाहेर जाण्याची परवानगी मिळाली ती ऑक्टोबर २००३ मध्ये. पुढे हेच दल सव्वा लाखावर गेले आणि त्यात पन्नासच्या आसपास देश सामील झाले.

कामाची वाटणी मात्र आधीच झाली होती. लष्कर अमेरिकेकडे, पोलीस जर्मनीकडे, न्यायव्यवस्था इटलीकडे, अफूचा बंदोबस्त ब्रिटनकडे, निःशस्त्रीकरण जपानकडे. बारभाईंची खेती, काय लागेल हाती, हे आपल्याला सांगावे लागत नाही. जर्मनांनी काबूलच्या प्रबोधिनीत अधिकाऱ्यांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखला. अमेरिकेला तो फार संथ वाटला. तिने खासगी कंत्राटदारामार्फत काही आठवड्यांत शिपाई तयार करायला घेतले. यातले कितीतरी निरक्षर होते. पकडलेल्या माणसाला उभे करायचे कोणापुढे, हाही प्रश्नच होता, कारण न्यायालयांचे काम सर्वांत मागे पडले होते. जमिनीचा तंटा सरकारी कचेरीत लाच देऊनही वर्षानुवर्षे रेंगाळे. तालिबानचा काझी तो झटपट निकालात काढी. तो निकाल क्रूर असेल, पण निकाल होता. गावे तालिबानकडे वळली ती केवळ धाकाने नव्हे.

अनेक देशांच्या सैनिकांवर त्यांच्या संसदांनी अटी घातलेल्या होत्या. कोणी आपला विभाग सोडायचा नाही, कोणी लढाईच्या मोहिमेत उतरायचे नाही. याला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे, पण त्या संसदा उत्तरदायी होत्या आपापल्या मतदारांना. दक्षिणेतल्या हेलमंड प्रांतातल्या शेतकऱ्याला उत्तरदायी कोणीच नव्हते. त्यात तिथली ब्रिटिश तुकडी साधारण सहा महिन्यांनी बदलायची. नवा अधिकारी नव्याने ओळखी करायचा आणि माणसे कळू लागली की परत जायचा.

हेलमंडमधल्या कजाकी धरणाची हकिकत मोहिमेच्या कर्त्यांनी पाठ करावी अशी आहे. सप्टेंबर २००८ मध्ये सुमारे शंभर वाहनांच्या ताफ्याने, हजारो सैनिकांच्या पहाऱ्यात, जलविद्युत संचाचे सुमारे दोनशे वीस टन भाग तिथे पोहोचवले. लष्करी कामगिरी म्हणून ती अजोडच. पण संच बसवायला शेकडो टन सिमेंट हवे होते आणि ते आणण्याचा रस्ता सुरक्षित नव्हता. चिनी तंत्रज्ञ निघून गेले आणि ते भाग वर्षानुवर्षे पडून राहिले. रस्ता एकदा जिंकून भागत नाही, तो रोज राखावा लागतो.

भारताने सैन्य पाठवले नाही, हे शहाणपणाचेच झाले. पण आपण फार ताठ मानेने फिरू नये. आपल्या सीमा रस्ते संघटनेने माणसे गमावून तिथे २१८ किलोमीटरचा जरंज-देलाराम रस्ता बांधला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबानच्या हाती पडलेली पहिली प्रांतिक राजधानी जरंजच होती.

अफगाण हवाई दलाची रशियन हेलिकॉप्टरे तिथल्या कारागिरांना दुरुस्त करता येत असत. त्यांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक आणली गेली आणि दुरुस्तीसाठी परदेशी कंत्राटदारांवर विसंबावे लागले. २०२१ मध्ये कंत्राटदार गेले आणि विमाने, हेलिकॉप्टरे जमिनीवर खिळू लागली. हे आज आठवायचे कारण, हैती असो वा गाझा, बहुराष्ट्रीय फौजेची भाषा पुन्हा कानी येते आहे. फौज किती आणि कोणाची, यावर खल होतो. पाहुणे गेल्यावर सुटे भाग कोण विकत घेणार आणि शिपायाचा पगार कोणत्या तिजोरीतून निघणार, हे आधी विचारले पाहिजे.