मूल वर्गात बसलंय, पण शिकतंय का?

काही दिवसांपूर्वी तिशीतली एक बाई मनगट धरून दवाखान्यात आली. अंगठ्याच्या मुळाशी सूज, मूठ वळवली की कळ. हा कंडराच्या आवरणाचा दाह. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये आम्हाला नेहमी दिसतो. पण हिला बाळ नव्हतं. काय काम करता, विचारलं तर म्हणाली, "एका सरकारी शाळेत दुभाषी आहे. ऐकू न येणारी चार मुलं आहेत, त्यांना शिक्षकांचं बोलणं खुणांच्या भाषेत सांगते." रोज पाच तास, एकटी.

मी सवयीने सांगितलं, "तीन आठवडे हाताला विश्रांती द्या."

ती म्हणाली, "डॉक्टर, मी हात खाली ठेवला की त्या चार मुलांची शाळा बंद."

म्हणून आजचा लेख थोडा रागाने लिहितोय. कारण ही चार मुलं तरी नशीबवान. आपल्या बहुतेक सर्वसाधारण शाळांमध्ये असा माणूसच नसतो. मुलाचं नाव पटावर असतं, हजेरी लागते, आणि त्याला 'समावेशक शिक्षण' म्हणतात.

पहिल्या बाकावर बसवलं की झालं?

"पुढे बसवलंय, ओठांकडे बघून त्याला कळतं," असं शिक्षक आणि पालक दोघंही सांगतात. तुम्ही एक प्रयोग करा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न करता 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणा. ओठांवर काही फरक दिसला? क आणि ग तर घशाजवळ तयार होतात, ते ओठांवर दिसतच नाहीत. त्यात शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात, मागच्या बाकावरचा मुलगा उत्तर देतो. अशा वर्गात बहिरं मूल अंदाज बांधत बसतं. शेवटी दमून खिडकीबाहेर बघतं आणि आपण त्याला 'मंद' म्हणतो.

"खुणा शिकवू नका" असं सांगणारे आम्हीच

यात मोठा दोष डॉक्टरांचा आहे. 1880 साली मिलानमध्ये बहिऱ्यांच्या शिक्षणाची एक परिषद झाली. शाळेत खुणांची भाषा नको, फक्त बोलणं शिकवा, असा ठराव तिथे झाला. 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेत तो नाकारून खेदही व्यक्त झाला. पण 'खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही' हा समज अजून दवाखान्यादवाखान्यांतून फिरतोच आहे.

मीही तरुणपणी एका आईला हेच सांगितलं होतं. तिचा मुलगा सहा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याकडे बोलणं नव्हतं आणि खुणांची भाषाही नव्हती. पोट कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतं, हे त्याला सांगता येईना. पोटावर हात ठेवून तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मी विसरलेलो नाही.

बाळाच्या मेंदूला भाषा हवी असते. ती कानातून आली की डोळ्यांतून, याने त्याचं अडत नाही. पण पहिल्या पाचएक वर्षांत भाषा मिळालीच नाही, तर झालेलं नुकसान पुढे पूर्ण भरून निघत नाही. खुणांची भाषा बोलणं अडवत नाही. श्रवणयंत्र लावा, योग्य असेल तर कॉक्लियर इम्प्लांट करा, वाचा-उपचार घ्या. मी कशालाच विरोध करत नाही. पण यंत्राचा उपयोग किती होईल हे कळेपर्यंत मुलाला भाषेविना ठेवू नका.

हे शाळेसाठीही महत्त्वाचं आहे. दुभाषी एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत सांगतो. मुलाकडे ती दुसरी भाषाच नसेल, तर तो सांगणार कुणाला?

दुभाषी म्हणजे मदतनीस नव्हे

भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ती हातांनी केलेली मराठी नाही. शिक्षकांचं वाक्य ऐकायचं, समजून घ्यायचं, दुसऱ्या व्याकरणात मांडायचं, आणि तोवर पुढचं वाक्य ऐकायचं, हे मेंदूला थकवणारं काम आहे. म्हणून दोघांनी दर वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून करावं अशी पद्धत आहे. आपण एकट्या बाईला पाच तास उभं करतो, वर शिक्षक रजेवर असले की वर्गही सांभाळायला सांगतो. मग मनगट सुजणारच.

"एवढ्या चार मुलांसाठी पगार कुठून आणायचा?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. शाळेला भिंती बांधताना आपण असं विचारत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार बहिऱ्या मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि माध्यमातून शिक्षण मिळायला हवं. घराजवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही कायद्याने दिली आहे. पण जवळच्या शाळेत त्या मुलाला कळेल अशी भाषाच नसेल, तर ती निवड कागदावरच राहते. 2015 पासून दिल्लीत सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था आहे, तिने दहा हजार शब्दांचा कोश केला आहे. तेव्हा भाषाच तयार नाही, ही सबब आता चालणार नाही.

तुम्ही काय करायचं?

- बाळाची श्रवण चाचणी पहिल्या महिन्यात करा. दोष आढळला तर तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत. 'उशिरा बोलेल, बापही उशिराच बोलला होता' म्हणून थांबू नका.
- निदान झाल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनी खुणांची भाषा शिका, आजी-आजोबांनीसुद्धा.
- 'मूकबधिर' म्हणू नका. कान गेला म्हणून आवाज जात नाही.
- शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. तिथे दुभाषीची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. तुमचं मूल ऐकणारं असलं तरी द्या. शेजारच्या बाकावरचं मूलही तुमच्याच गावचं आहे.

आणि एखाद्या डॉक्टरने "खुणा शिकवू नका" असं सांगितलं, तर हा लेख त्यांना दाखवा. मी तीच चूक करून बसलो आहे, म्हणून सांगतोय.