गाडीचा नंबर पोलिसांना द्या, मालकाचं नाव ग्रुपवर टाकू नका

शिवरे, खेड शिवापूर, वर्वे, कासुर्डी, केळवडे, नसरापूर आणि महामार्गालगतच्या सगळ्या गावांतील बंधू-भगिनींनो, तसेच टोलनाक्यावर, गॅरेजांत, हॉटेलांत आणि कंपन्यांत काम करणाऱ्या तरुण मित्रांनो,

पुणे-सातारा महामार्ग आपल्या दारातून जातो. या रस्त्यानं आपल्याला रोजगार दिला आणि याच रस्त्यानं कितीतरी घरांतली कर्ती माणसंही नेली. कुणी दूध घालून परतत असतो, कुणी पाळी संपवून रस्ता ओलांडत असतो, आणि गाडी उडवून निघून जाते. कुणी रात्रीतून ओढ्याकाठी राडारोडा ओतून पसार होतो. शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याकडे निघालेल्या पाहुण्यांची गाडी एखाद्याच्या फाटकासमोर आडवी लावलेली असते. अशा वेळी आपल्या हाती उरतो तो फक्त गाडीचा नंबर, आणि तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘काढा रे, हिचा मालक कोण आहे ते!’

हा राग खरा आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला शांत राहा म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. माझं म्हणणं त्या पुढच्या पावलाबद्दल आहे. मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये नंबर टाकायचा, आरटीओतल्या ओळखीच्या एजंटाला फोन लावायचा, टोलनाक्यावरच्या मित्राकडून कॅमेऱ्यातला फोटो मागवायचा आणि हाती लागेल ते नाव-पत्त्यासकट गावाच्या ग्रुपवर टाकायचं, ही सवय आपल्याकडे वाढते आहे. ती थांबवावी, एवढ्यासाठी हे जाहीर आवाहन.

काही वर्षांपूर्वी ‘वाहन’ असं लिहून पुढे नंबर टाकून एसएमएस केला की मालकाचं नाव उलट टपाली मोबाईलवर यायचं. पुढे ‘एमपरिवहन’ ॲपवरही ते दिसू लागलं. आता तिथं नावाची एखाद-दोन अक्षरं दिसतात आणि बाकी फुल्या. पैसेवाल्यांना वाचवण्यासाठी सरकारनं हे केलं, असं चावडीवर पुष्कळदा ऐकू येतं. खरी हकीकत वेगळी आहे. देशभरच्या गाड्यांची नोंद ‘वाहन’ या केंद्रीय यंत्रणेत असते. मार्च २०१९ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयानं ही माहिती घाऊक विकायचं धोरण आणलं. खासगी कंपनीसाठी दर होता वर्षाला तीन कोटी रुपये. त्याच वर्षी जुलैत संसदेत सांगितलं गेलं, की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ही माहिती खुली केली असून त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले. तुमच्या-माझ्या गाडीची नोंद त्यात होती आणि आपल्याला कुणी विचारलंही नव्हतं. त्याआधीच, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं होतं, की खासगीपणा हा घटनेनं दिलेला मूलभूत अधिकार आहे. फेब्रुवारी २०२० च्या दिल्ली दंगलीत गाड्या जळाल्या, तेव्हा नंबरावरून मालकाचा धर्म शोधून गाडी निवडता येईल, ही भीती उघडपणे बोलली गेली. अखेर जून २०२० मध्ये खासगीपणाचं कारण देऊन ते धोरण मागे घेतलं गेलं. त्या फुल्यांमागे एवढा इतिहास आहे. त्यांनी ज्यांचं रक्षण होतं, त्यांत आपली गाडीही येते.

आता घरातल्या लेकीबाळींचा विचार करा. शिरवळच्या, खेड शिवापूरच्या कंपन्यांत आपल्या मुली स्कूटीवर कामाला जातात. एखादा टवाळखोर मागे लागला तर त्याला तिच्याशी बोलायचीही गरज नाही. नंबर टिपला, की स्कूटी वडिलांच्या नावावर, वडिलांचं नाव म्हणजे गाव आणि गाव म्हणजे घर. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये हेच घडलं. रेबेका शेफर या तरुण अभिनेत्रीच्या मागे लागलेल्या माणसानं खासगी गुप्तहेरामार्फत परिवहन खात्यातून तिच्या घरचा पत्ता मिळवला आणि तिच्याच दारात तिला गोळी घातली. ती गेल्यावर पाच वर्षांनी, १९९४ मध्ये, तिथं वाहनधारकाची माहिती अशी देण्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. आपल्याकडे मुलीचा पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पत्ता काढून देणाऱ्या मित्रानंही हे लक्षात ठेवावं. ‘मी फक्त नाव सांगितलं’ असं म्हणून आपल्या हातून जे झालं ते पुसता येत नाही.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नोंदीत नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं होत नाही. आपल्याच वाडीत पाहा. थोरल्याच्या नावावरची बुलेट धाकटा चालवतो. ट्रॅक्टर आजोबांच्या नावावर, चालवतो सालगडी. डंपरचा मालक एक आणि चालक रोज वेगळा. गाडी विकून दोन-तीन हात फिरलेली असते, नाव बदलायचे टीटी फॉर्म सही करून कुणाच्या तरी कपाटात पडलेले असतात आणि आरटीओच्या दप्तरी मालक अजून पहिलाच! त्यातच दुसऱ्याचा नंबर आपल्या प्लेटवर लावून फिरणारेही आहेत. उच्च सुरक्षा नंबर प्लेटची सक्ती त्यासाठीच आली. नव्या गाड्यांना ती १ एप्रिल २०१९ पासून आहे आणि आता जुन्या गाड्यांनाही बसवावी लागते. अशा गाडीनं धडक दिली आणि तुम्ही नंबराचं नाव ग्रुपवर टाकलं, तर शिव्या खाणारा माणूस त्या दिवशी दोनशे किलोमीटरवर आपल्या दुकानात बसलेला असू शकतो.

आणि शिव्यांवरच भागेल याची खात्री कोण देईल? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवांनी माणसं पेटली आणि मंगळवेढ्याकडून आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला १६ एप्रिल २०२० च्या रात्री गाडी अडवून दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव घेतला. तिथंही अफवाच होती. ‘ही पांढरी गाडी, हा नंबर, संशयित माणसं फिरतायत, पुढे पाठवा’ असा निरोप आपल्याही ग्रुपवर अधूनमधून येतो. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकानं अंगठा क्षणभर थांबवून विचार करावा, की त्या गाडीत खरोखर कोण बसलं असेल. नारायणपूरला दर्शनाला निघालेलं एखादं कुटुंब असेल. वाट चुकलेले पाहुणे असतील. संशय खरा वाटत असेल तर ११२ ला फोन करा. तो निरोप चार जणांना पाठवण्यापेक्षा त्या फोनचा उपयोग जास्त आहे.

‘पोलिसांकडे गेलं तरी दाद कोण देतं?’ हा सवाल मला प्रत्येक वेळी विचारला जातो आणि तो खोटा नाही. पण दाद मागण्याची वाट पुरती माहीत नसल्यानंही आपण अर्ध्यातून परततो. ती वाट इथं सांगतो, कारण कायद्यानं पीडिताला मालकाचं नाव मिळण्याचा हक्क दिलेलाच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १६० वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या. अपघाताची भरपाई मागू शकणाऱ्या माणसानं मागणी केली, तर ठरलेलं शुल्क घेऊन त्या गाडीचा तपशील आणि अपघाताच्या वेळी ती वापरणाऱ्याचं नाव-पत्ता यांपैकी जे आपल्याकडे असेल ते देणं पोलीस ठाण्यावर आणि आरटीओवर बंधनकारक आहे. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारलं की गाडी कोण चालवत होतं हे मालकाला सांगावंच लागतं. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी तपास अधिकाऱ्याला मुदतही घालून दिली आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणापुढे गेला पाहिजे. म्हणजे नाव कळतं, आणि ते खऱ्या माणसाचं, पुराव्यासह, भरपाई वसूल होईल अशा रीतीनं कळतं. ॲपवरून काढलेलं नाव यातलं काहीच देत नाही.

तेव्हा अपघात झाला तर आधी जखमीसाठी १०८ ला आणि महामार्गाच्या १०३३ ला फोन लावा. नंबर, गाडीचा रंग, वेळ आणि दिशा कागदावर लिहून ठेवा, कारण रात्री पाहिलेला नंबर सकाळी एका आकड्यानं बदलतो. मदत करणाऱ्यानं पोलिसांना घाबरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ खालच्या नियमांनुसार त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मग राजगड पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि एफआयआरची प्रत मागून घ्या, ती मोफत मिळते. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार टपालानं पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे आणि त्यानंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल होईल असं पाहा. गाडी सापडलीच नाही तरी सगळं संपत नाही. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला तर वारसांना दोन लाख आणि गंभीर दुखापत झाली तर पन्नास हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे भोर तालुक्यातल्या गावांना भोरला करायचा असतो. कितीतरी कुटुंबांना हे ठाऊकच नसतं. हे मात्र ग्रुपवर जरूर टाका.

आडव्या लावलेल्या गाडीसाठी, उलट्या दिशेनं येणाऱ्या डंपरसाठी फोटो काढून महाट्रॅफिकॲपवर तक्रार करता येते. राडारोड्यासाठी ग्रामपंचायतीला लेखी द्या आणि पंचायतीनं तो नंबर ठरावासह पोलिसांकडे पाठवावा.

टोलनाक्यावर काम करणाऱ्या आपल्या मुलांना वेगळं सांगायचं आहे. खेड शिवापूरच्या या नाक्यावर आपण एमएच १२ आणि एमएच १४ च्या सवलतीसाठी भांडलो आहोत, तिथं काय चालतं यावर आपलं लक्ष असतं. पण तुमच्या समोरच्या पडद्यावर कोणती गाडी किती वाजता गेली हे जे दिसतं, ते तुमच्या विश्वासावर ठेवलेलं आहे. मित्राच्या मागणीवर त्याचा फोटो बाहेर देऊ नका. पोलिसांची लेखी मागणी आली की वरिष्ठांमार्फत द्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या संस्थेला त्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे. संस्थेवर वेळ आली तर नोकरी तुमची जाईल. गॅरेजवाल्यांनी, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी आणि एजंटांनीही गिऱ्हाइकाच्या आरसी बुकाची झेरॉक्स कुठं पडते याकडे लक्ष द्यावं.

कारण हीच माहिती फिरून आपल्यावर उलटते. ‘तुमच्या गाडीवर चलन आहे’ असा निरोप येतो, त्यात आपलाच खरा नंबर असतो, म्हणून आपण विश्वास ठेवतो, सोबतची फाईल उघडतो आणि बँकेतले पैसे जातात. अशी फाईल उघडू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवा.

आणखी एक काम या महिन्यातच करा. विकलेली गाडी अजून तुमच्या नावावर आहे का ते तपासा. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पाच वर्षांपूर्वी विकलेल्या जीपनं उद्या कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्या दारी येईल, आणि कुणीतरी तुमचंच नाव ग्रुपवर टाकेल.

पोलीस बांधवांनाही हात जोडून विनंती आहे. नंबर घेऊन आलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नका, तक्रारीची पोच द्या, तपास कुठवर आला ते कळवा. तुम्ही नाव शोधाल असा भरवसा वाटला, तर तो स्वतः शोधायला जाणार नाही.

गावोगावच्या ग्रुपचालकांनी आजच आपल्या ग्रुपचा नियम ठरवावा. कुणाच्याही गाडीच्या मालकाचं नाव, पत्ता किंवा फोन इथं टाकला जाणार नाही, आणि कुणी टाकला तर तो लगेच काढून त्या माणसाला ठाण्याची वाट दाखवली जाईल. ग्रामसभेत हा विषय मांडा आणि ठरावाची प्रत पंचायतीच्या फलकावर लावा.

आपला,
शिवरे येथील एक ग्रामस्थ