प्रमाणपत्राचा भार कोणाच्या शिरी?

हैदराबादनजीक संगारेड्डी जिल्ह्यातील पाशमैलारम औद्योगिक वसाहतीत 30 जून 2025 रोजी सकाळी सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात भीषण स्फोट झाला. औषधी गोळ्यांसाठी लागणारी भुकटी तयार करणाऱ्या या कारखान्यात 54 जीव गेले. त्यांतील आठ जणांचे मृतदेहही हाती लागले नाहीत. अखेर त्यांना मृत मानावे लागले. मृतांत पोटासाठी परराज्यांतून आलेले कामगार पुष्कळ होते. दोष कोणाचा, हे ठरविणे चौकशीचे व न्यायालयाचे काम आहे. त्यात आम्ही शिरू इच्छीत नाही. परंतु अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘कंत्राटदारांना सुरक्षिततेचे प्रमाणपत्र सक्तीचे करा’ अशी जी मागणी पुढे येते, तिचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मागणी गैर नाही. प्रश्न आहे तो तिच्या खर्चाचा. व्यावसायिक आरोग्य व सुरक्षिततेसाठी ‘आयएसओ 45001’ हे जागतिक मानक 2018 साली आले. त्याची पहिली तपासणी दोन टप्प्यांत होते, प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि मधल्या काळात दरवर्षी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. तपासनीस जितके दिवस घेतील त्या मानाने शुल्क. शिवाय सल्लागाराचा मोबदला, कागदपत्रे व प्रशिक्षण यांचा खर्च निराळाच. बड्या कंपनीला हा खर्च जाणवतही नाही. पंचवीस माणसे हाताशी धरून रंगकाम, जोडकाम वा टाक्यांची सफाई करणाऱ्या कंत्राटदाराला मात्र तो पेलवत नाही. त्यातही प्रत्येक मालकाची प्रश्नावली वेगळी, आणि काम मिळणार ते सर्वांत कमी दराच्या निविदेला! मग प्रमाणपत्रावर गेलेला पैसा कोठून भरून निघणार? सुरक्षापट्ट्यातून, हातमोज्यांतून आणि अखेर कामगाराच्या मजुरीतून. ज्याच्या रक्षणासाठी हा कागद मिळवायचा, त्याच्याच खिशातून त्याची किंमत वसूल व्हावी, यापरता दैवदुर्विलास कोणता?

याचा अर्थ लहान कंत्राटदाराला मोकळे सोडावे असा कोणी घेऊ नये. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा 20 कामगारांची होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने ती 50 वर नेली. म्हणजे 49 माणसे कामाला लावणारा कंत्राटदार परवान्याच्या जाळ्यातून सुटला. धोका मात्र माणसे मोजून येत नाही. बंदिस्त टाकीत उतरणारे दोघेच असले, तरी विषारी वायू त्यांना सवलत देत नाही.

आमच्या मते, याचे उत्तर कायद्याच्याच एका जुन्या तत्त्वात आहे. कंत्राटदाराने कामगारांना आवश्यक सोयी पुरविल्या नाहीत, तर मूळ मालकाने त्या पुरवाव्यात, असे 1970 चा कायदा सांगत होता. नव्या संहितेने तर कल्याणकारी सोयींची जबाबदारी थेट मूळ मालकावरच टाकली आहे. सोयींना लागू होणारा न्याय सुरक्षिततेला का लागू होऊ नये? निविदेत सुरक्षेचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा व दराच्या स्पर्धेतून तो वगळावा. प्रमाणपत्र हवे असेल, तर त्याच्या खर्चात मालकानेही वाटा उचलावा.

दुसरा धडा ब्रिटनकडून घेण्याजोगा आहे. तेथेही अनेक संस्थांच्या अनेक योजना होत्या आणि कंत्राटदाराला एकाच परीक्षेचे शुल्क पुनःपुन्हा भरावे लागे. 2009 साली या संस्थांनी एक मंच उभारून परस्परांची तपासणी मान्य करण्याची व्यवस्था केली. पाशमैलारमच्या कारखान्यात मान्य झालेली तपासणी जीडीमेटलाच्या कारखान्याने मान्य करावी, एवढी सोय आपल्याकडे अशक्य का असावी? मात्र यासाठी बांधकाम कामगारांच्या कल्याणार्थ जमणाऱ्या उपकरावर कोणी डोळा ठेवू नये. तो पैसा कामगारांचा आहे.

हैदराबाद दूर आहे, असे गोमंतकीय वाचकांनी समजू नये. औषधांचे कारखाने आपल्या वेर्ण्यातही आहेत आणि परप्रांतीय कामगारांचे हात आपल्याही इमारती उभारतात. 4 जानेवारी 2014 रोजी काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गाडली जाऊन मरण पावली, ती जखम आपण विसरलो काय? प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते. कामगार मात्र परातीवर उभा असतो. सरकारी निरीक्षकाने ती परात स्वतः जाऊन पाहिली पाहिजे. ते काम कोणताही कागद करू शकणार नाही. सुरक्षितता ही खर्चाची बाब आहे, हे प्रथम मान्य करावे; आणि ज्याच्या पदरी नफा पडतो, त्यानेच तो खर्च सोसावा. एरवी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हा प्रकार चालूच राहील.