‘कच्चा’ शेरा मारण्यापूर्वी

शाळेतील चाचणीचा निकाल लागला, की काही मुलांच्या नावापुढे ‘कच्चा’ हा शेरा चिकटतो तो कायमचा. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील पालक तो बहुधा निमूटपणे मान्य करतात. खरे तर कमी गुण हे तापासारखे असतात. ताप हे लक्षण आहे. रोग कोणता, हे पुढे शोधावे लागते. मुलाला आज काय येते, एवढेच चाचणी सांगते. का येत नाही, हे ती सांगत नाही.

पहिली शंका डोळ्यांची आणि कानांची घ्यावी. फळा धूसर दिसणारे मूल तक्रार करत नाही. सगळ्यांना असेच दिसत असेल, असे त्याला वाटते. कान वाहत असेल तर जवळचे उच्चार वेगळे ऐकू येत नाहीत आणि श्रुतलेखन चुकते. मग रक्त तपासावे. लोह कमी पडले की मूल लवकर थकते, त्याचे लक्ष टिकत नाही. सिकलसेलच्या मुलांची शाळा अंगदुखीमुळे वारंवार बुडते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांचे तर महिनेच्या महिने बुडतात.

यानंतरचा प्रश्न भाषेचा. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला प्रश्नपत्रिका मिळते प्रमाण मराठीत. उत्तर चुकले, तेव्हा गणित चुकले की प्रश्नच कळला नाही? तोच प्रश्न तोंडी, घरच्या बोलीत विचारला तर फरक लगेच समजतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच तालुक्यात बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे मुलांपर्यंत शाळा नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा चालवली. चाचणीनेही मुलाकडे तसेच जायला हवे.

ही सर्व कारणे तपासूनही मूल वाचन, लेखन किंवा गणितात फार मागे राहत असेल, तर अध्ययन अक्षमतेचा विचार करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. तिसरीत किंवा आठव्या वर्षी प्राथमिक चाळणी व्हावी, असे २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले होते. पुढे बुद्ध्यंक आणि शैक्षणिक संपादन अशा दोन्ही चाचण्या एकेका मुलाची स्वतंत्रपणे घेतल्या जातात. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. मात्र वारली मुलाच्या बाबतीत येथे दुहेरी धोका आहे. भाषेचे अंतर अक्षमता म्हणून नोंदले जाऊ शकते. उलट खरी अक्षमता ‘पाड्यावरची मुलं अशीच’ म्हणत दुर्लक्षिली जाते. दोन्हींत नुकसान मुलाचेच.

उपाय खर्चिक नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने वर्षातून एकदा शाळेतील मुलांची तपासणी करायची असते. त्या दिवशी वर्गशिक्षकांनी चाचणीत मागे पडलेल्यांची यादी पथकापुढे ठेवावी. या मुलांचे डोळे, कान आणि हिमोग्लोबिन आधी पाहावे. गरज असेल त्यांना उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे. पालकांनीही ‘किती गुण मिळाले?’ याबरोबर ‘फळा नीट दिसतो का?’ हेही विचारावे. चष्मा, कानाचे औषध किंवा लोहाच्या गोळ्या यांनी सुटणारा प्रश्न ‘कच्चा’ या एका शब्दाखाली वर्षानुवर्षे पडून राहता कामा नये.